दोघांची कॅरिबियन क्रूझ: महाकाय जहाजावर निवांतपणा कसा राखायचा

मायामीहून जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी घेऊन निघू लागलेलं रॉयल कॅरिबियन कंपनीचं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज ३६५ मीटर लांब आहे. वीस डेक आहेत. एका केबिनमध्ये दोघंच राहतील असं धरलं तरी त्यावर ५,६०० हून जास्त प्रवासी मावतात, आणि मुलाबाळांसकट केबिना भरल्या की हा आकडा साडेसात हजारांच्या आसपास जातो. कर्मचारी वेगळे. दोघांना एकमेकांसाठी वेळ हवा म्हणून अशा जहाजाचं तिकीट काढायचं, हे ऐकायला जरा उलटंच वाटतं. पण ते जमतं, आणि फार छान जमतं. फक्त निवांतपणा इथे आपोआप हाती लागत नाही. कोणत्या महिन्यात जायचं, केबिन कुठे घ्यायची, जेवायला कधी बसायचं, कुठल्या बंदरात मुद्दाम उतरायचं नाही, या प्रत्येक निर्णयात तो आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो. खाली ते निर्णय ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने मांडले आहेत.

आधी महिना, मग मार्ग, जहाज शेवटी

बहुतेक जण याच्या उलट करतात. जहाजाची जाहिरात आवडते आणि मग मिळेल त्या तारखेला निघतात. दोघांच्या सहलीसाठी तारीख सगळ्यात महत्त्वाची, कारण तुमच्या आजूबाजूला कोण असणार हे तीच ठरवते. मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांना सुटी असते. रात्रभर गाणी आणि गलका. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत शाळांना सुटी, त्यामुळे जहाज मुलांनी भरलेलं. नाताळचा आठवडा सगळ्यात महाग.

चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक. या दिवसांत तिकिटं स्वस्त मिळतात. जहाज वादळाला वळसा घालून जातं, त्यामुळे धोका सहसा जहाजाला नसतो, तुमच्या बेताला असतो. सेंट थॉमस पाहायचं म्हणून निघालात आणि वाटेत वादळ उभं राहिलं, तर कॅप्टन जहाज कोझुमेलकडे वळवतो. तिकिटाच्या करारात त्याला ही मुभा असते आणि तुम्हाला परत मिळतो तो फार तर गाळलेल्या बंदराचा कर. मला विचाराल तर थँक्सगिव्हिंग (अमेरिकेतला नोव्हेंबरअखेरचा सण) आणि नाताळ यांच्यामधला डिसेंबरचा पहिला पंधरवडा, जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीची सुरुवात, आणि एप्रिलअखेर ते मेचा मध्य, या तीन खिडक्यांमधलीच तारीख शोधा. डिसेंबर-जानेवारीत पूर्वेकडचे वारे जोरात असतात, समुद्र थोडा उसळतो, पण गर्दी कमी आणि हवा सुखाची.

मार्ग ढोबळमानाने तीन. पूर्व कॅरिबियनमध्ये सेंट थॉमस, सेंट मार्टिन, कधी सान हुआन. फ्लोरिडाहून अंतर जास्त, म्हणून दोन-तीन दिवस नुसतं समुद्रावर. पश्चिमेला कोझुमेल, कोस्टा माया, होंडुरासचं रोआतान, ग्रँड केमन. इथे प्रवाळ, माया संस्कृतीचे अवशेष, करण्यासारखं भरपूर. दक्षिणेला अरुबा, कुरासाव, बार्बाडोस. या सफरी बऱ्याचदा सान हुआनहून सुटतात, जहाजं थोडी लहान असतात आणि जवळजवळ रोज नवं बंदर. विश्रांती हवी असेल तर पूर्वेचा मार्ग घ्या, कारण समुद्रावरचे दिवस हीच दोघांची खरी कमाई. शुक्रवारी सुटणाऱ्या तीन रात्रींच्या बहामा सफरींना मित्रमंडळींचे जथे येतात, त्या टाळाव्यात.

आता जहाज. रॉयल कॅरिबियनची 'ओअॅसिस' वर्गातली जहाजं (पहिलं २००९ मध्ये आलं, 'वंडर' २०२२ मध्ये, 'युटोपिया' २०२४ मध्ये) आणि 'आयकॉन' वर्गातली जहाजं यांच्या पोटात 'सेंट्रल पार्क' नावाची खरीखुरी बाग आहे, वर मोकळं आकाश आणि हजारो जिवंत झाडं. निवांतपणाच्या दृष्टीने ही बाग म्हणजे या जहाजांची सर्वोत्तम जागा. कार्निव्हल कंपनीची 'मार्डी ग्रा' आणि 'सेलिब्रेशन' जास्त गजबजलेली आणि हसतीखेळती. त्यांच्या वरच्या डेकवर चक्क रोलर कोस्टर आहे. एमएससीचं 'वर्ल्ड अमेरिका' २०२५ पासून मायामीहून सुटतं. नॉर्वेजियनची 'प्रिमा' आणि 'व्हिवा' ही जहाजं या सगळ्यांपेक्षा बरीच लहान असल्यामुळे मोठ्या जहाजाची सोय हवी पण एवढी माणसं नकोत, अशांना जवळची वाटतील.

केबिन: इथे घाई करू नका

जाहिरातीतली किंमत माणशी असते, तीही एका केबिनमध्ये दोघं धरून. बंदराचे कर आणि टिप त्यावर वेगळे.

आतली केबिन सगळ्यात स्वस्त. खिडकी नाही, दिवा मालवला की मिट्ट काळोख. झोप अप्रतिम लागते, पण सकाळ झाली की नाही हे घड्याळच सांगतं. त्यानंतर खिडकीची, मग बाल्कनीची, मग सूट. जास्तीचे पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर बाल्कनीवर घाला, असं मी ठामपणे सांगेन. हजारोंच्या जहाजावर तुमच्या मालकीचा उघड्यावरचा कोपरा तेवढाच. पहाटे दार सरकवावं, अंगावर खारा वारा यावा, खाली जहाजाच्या कुशीला घासत जाणाऱ्या पाण्याचा एकसुरी आवाज, आणि दोघांच्या हातात कॉफीचे कप. यासाठी रांग नाही, कुणाच्या टॉवेलने खुर्ची अडवलेली नाही.

मात्र 'बाल्कनी' हा शब्द वाचून लगेच पैसे भरू नका. ओअॅसिस वर्गात बाल्कन्या तीन तऱ्हेच्या असतात: समुद्राकडच्या, बागेकडच्या आणि 'बोर्डवॉक'कडच्या. शेवटच्या दोन्ही जहाजाच्या आत उघडतात. बोर्डवॉककडच्या बाल्कनीसमोर मेरी-गो-राउंड आणि पाण्यातल्या कसरतींचं प्रेक्षागृह असतं, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत आवाज. बागेकडची शांत असते, पण समोरच्या केबिनवाल्यांना तुमची खोली दिसते, पडदे ओढून बसावं लागतं. स्वस्त का आहेत ते लक्षात आलं असेल. बुक करताना 'समुद्राकडची' असं स्पष्ट लिहिलेलं पाहा.

मग डेकचा नकाशा उघडा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो मिळतो. तुमच्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, एवढंच शोधायचं. दोन्हीकडे केबिनाच असतील तर उत्तम. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर सूर्योदयाआधीच खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर सुरू होतो. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचे ठोके गादीत जाणवतात. शेजारच्या केबिनला जोडणारं दार असलेली केबिन टाळा. त्या दारातून पलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येतो. लिफ्टच्या अगदी तोंडाशी नको, पण फार लांबही नको, कारण कॉरिडॉर शेकडो फूट लांब असतात. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्यावी. तिथे डोलणं सगळ्यात कमी.

'गॅरंटी' नावाची स्वस्त सोय असते. त्यात प्रकार तुम्ही ठरवता, नेमकी खोली कंपनी ठरवते. झोप सावध असणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आणि एक छोटी गोष्ट: दोन पलंग जोडून हवे आहेत हे बुकिंगमध्येच नोंदवून ठेवा, म्हणजे पोचल्यावर स्टेवर्डची वाट पाहावी लागत नाही.

पैशांचा खरा हिशोब

तिकिटाची रक्कम म्हणजे निम्मीच गोष्ट. आठवडाभराच्या सफरीत दोघांचा वरखर्च कसा चढतो ते पाहा. बहुतेक कंपन्या टिप म्हणून माणशी रोजचे साधारण १६ ते २० डॉलर खात्यावर आपोआप लावतात. साडेअठरा डॉलर धरले तर दोघांचे सात दिवसांचे २५९ डॉलर झाले. ते आधी भरून टाकता येतात आणि टाकावेत. ही रक्कम खात्यावरून काढून टाकण्याची सोय असते, पण तुमची खोली दिवसातून एकदा-दोनदा आवरणाऱ्या, रोज तुमच्या ताटाकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसांची कमाई त्यावर असते. ती कापू नका.

दारूचं पॅकेज हा मोठा आकडा. अनेक कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एका प्रौढाने घेतलं की दुसऱ्यानेही घ्यायलाच हवं. म्हणजे जोडप्यातला एक जण पीत नसेल तर हा सौदा बहुधा तोट्याचा. दोघंही घेणारे असाल तर गणित करा. पॅकेज रोज ८० डॉलर, त्यावर १८ टक्के सेवाशुल्क, म्हणजे ९४ डॉलर ४० सेंट. एक कॉकटेल १४ डॉलरचं, शुल्कासकट सुमारे साडेसोळा. पैसे वसूल व्हायला प्रत्येकाने रोज सहा प्याले रिचवायला हवेत, तेही ज्या दिवशी अर्धा वेळ बंदरात जाणार त्या दिवशीसुद्धा. ज्यांना संध्याकाळी एकेक ग्लास वाइन पुरते त्यांनी सुटं घ्यावं. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल चढतानाच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलिलिटरची वाइनची एक सीलबंद बाटली हातातल्या सामानातून नेऊ देतात. बाल्कनीत उघडायला एवढी पुष्कळ. पाणी, साधी कॉफी, चहा, लिंबू सरबत फुकट असतं.

इंटरनेट एका उपकरणाला रोज वीस-तीस डॉलरच्या घरात जातं. दोघांत एकाच उपकरणाचं घेऊन आलटून पालटून लॉग-इन करता येतं, आणि सुटीत ते पुरतं. बंदर सुटायच्या आधी दोन्ही फोन विमान-मोडवर टाका. जहाजाचा स्वतःचा मोबाइल मनोरा असतो. फोनने चुकून तो पकडला की रोमिंगचं बिल अंगावर येतं.

पॅकेज, खास रेस्तराँ, सहली या सगळ्या गोष्टी जहाजावर चढण्याआधी ऑनलाइन घेतल्या तर स्वस्त पडतात, आणि त्यांचे भाव खालीवर होत राहतात. आज घेतलेलं उद्या स्वस्त झालं तर रद्द करून पुन्हा घ्या. अमेरिकेतून केलेल्या बुकिंगच्या तिकिटाबाबतही अंतिम पैसे भरण्याच्या तारखेपर्यंत, म्हणजे निघण्याच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधीपर्यंत, बहुतेक वेळा हे करता येतं. पंधरवड्यातून एकदा भाव पाहायची सवय ठेवली तर शंभर-दोनशे डॉलर सहज वाचतात.

कागद आणि विमा

भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो, कारण जहाज देशाबाहेर जाऊन पुन्हा आत येतं. प्रत्येक बंदराचा नियम कंपनीकडून लेखी विचारून घ्या; कागद अपुरे निघाले तर धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि पैसे मिळत नाहीत. विमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाची भरपाई मिळत नाही. समुद्रातून हेलिकॉप्टरने दवाखान्यात हलवण्याचा खर्च त्यात धरलेला आहे ना, हे वाचून पाहा. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांची फी थेट तुमच्या खात्यावर लागते.

विमानाने बंदराच्या गावी एक दिवस आधी पोचा. यात कसूर नको. जहाज चुकलं तर पुढच्या बंदरात गाठू असं मनात धरू नका. ही जहाजं बहामा, पनामा अशा देशांच्या झेंड्याखाली चालतात, आणि १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी जहाजांना अमेरिकेच्या दोन बंदरांदरम्यान प्रवासी वाहून नेण्यावर बंधनं आहेत. त्यामुळे काही मार्गांवर मध्येच चढण्याची परवानगीच मिळत नाही.

पहिला दिवस, तासागणिक

कंपनीच्या ॲपवर चेक-इन काही आठवडे आधी उघडतं. रॉयल कॅरिबियनचं ४५ दिवस आधी. उघडल्या दिवशीच फोटो आणि पासपोर्टची माहिती भरून सकाळची सगळ्यात लवकरची वेळ पकडा. अकराच्या सुमारास जहाजावर पाय ठेवलात तर एक अख्खा दिवस पदरात पडतो.

धक्क्यावर मोठ्या बॅगा हमालाकडे जातात आणि केबिनच्या दारात दुपारनंतर कधीही, कधीकधी रात्री आठलाही येतात. म्हणून हातातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि पोहण्याचे कपडे असू द्या. इस्त्री, किटली, मेणबत्ती, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड यांवर बंदी आहे. बॅगेत सापडल्यास ती बॅग अडकून पडते.

चढल्यावर पहिलं काम सुरक्षा कवायतीचं. 'कोस्टा काँकॉर्डिया' हे क्रूझ जहाज २०१२ मध्ये बुडालं तेव्हा काही प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. आता बहुतेक जहाजांवर ॲपवर चित्रफीत पाहायची आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची, एवढंच. पण दोघांनीही ती जागा पायाने चालून नीट पाहून घ्या, जिन्याने कसं पोचायचं तेही.

दुसरं काम जेवण. या वेळी सगळं जहाज बुफेकडे धावतं. तुम्ही जाऊ नका. ओअॅसिस वर्गाच्या बागेतलं 'पार्क कॅफे' तेव्हा रिकामं असतं आणि तिथलं सँडविच, सॅलड तिकिटातच येतं. जेवून ॲपवर आठवड्याचे कार्यक्रम आरक्षित करा: बर्फावरचे नृत्य, पाण्यातल्या कसरती, मोठं नाटक. जागा मोफत असतात पण भरतात.

तिसरं काम मुख्य भोजनकक्षात जाऊन दोघांचं टेबल मागणं. याबद्दल पुढे.

जहाज निघताना सगळे तलावाच्या डेकवर नाचत असतात. मायामीहून निघाला असाल तर डाव्या बाजूच्या एखाद्या शांत डेकवर उभे राहा. जहाज गव्हर्नमेंट कट नावाच्या अरुंद जलमार्गातून बाहेर पडतं, डावीकडे साउथ बीचच्या टोकाचं उद्यान इतकं जवळ येतं की तिथली माणसं हात हलवताना दिसतात, आणि मग एकाएकी पाण्याचा रंग बदलतो.

दोघांचं टेबल

मुख्य भोजनकक्षात दोन पद्धती: रोज ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल, किंवा सोयीने या आणि मिळेल तिथे बसा. दोघांना दुसरी पद्धत बरी असं सर्रास सांगितलं जातं. मला पटत नाही. सोयीच्या पद्धतीत साडेसहा ते साडेसात रांग लागते, रोज नवा वेटर, रोज पहिल्यापासून सांगायचं. ठरलेल्या टेबलावर दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला काय आवडतं ते वेटरला माहीत असतं, आणि तुम्ही बसायच्या आत हवं ते समोर येतं. फक्त पहिल्याच दुपारी मुख्य वेटरला भेटून 'फक्त दोघांचं, जमल्यास खिडकीजवळचं' असं सांगा. नाहीतर आठ अनोळखी माणसांच्या टेबलावर जागा मिळू शकते.

शाकाहारी असाल तर बुकिंगमध्ये नोंद करा आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला पुन्हा सांगा. दुसऱ्या दिवशीच्या भारतीय शाकाहारी जेवणाची मागणी आदल्या रात्री दिली की मोठ्या जहाजांच्या स्वयंपाकघरात ती बहुधा पुरी होते. तिथे भारतीय आचारी बरेच असतात. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही आधीच सांगा. गोड पदार्थांत जिलेटिन आणि अंडं विचारल्याशिवाय धरून चालू नका.

समुद्रावरच्या दिवशी सकाळी बुफेत बसायला जागा नसते, तेव्हा मुख्य भोजनकक्ष नाश्त्यालाही उघडा असतो. पांढरं टेबलक्लॉथ, शांतता, गरम ऑम्लेट किंवा पॅनकेक. फार थोड्या लोकांना हे सुचतं. किंवा रात्री दारावर नाश्त्याची चिठ्ठी अडकवा आणि सकाळी ट्रे बाल्कनीत घ्या. रॉयल कॅरिबियनवर ब्रेड, फळं, कॉफी असा साधा नाश्ता खोलीवर फुकट येतो.

समुद्रावरचा दिवस

तलावाकाठी नऊच्या आधी खुर्च्या संपतात. त्या युद्धात पडूच नका. मुलांना मज्जाव असलेले भाग शोधा: रॉयल कॅरिबियनवर 'सोलॅरियम' (सोळा वर्षांवरील), कार्निव्हलवर 'सेरेनिटी' (एकवीसवरील), दोन्हींना वेगळे पैसे नाहीत. ओअॅसिस वर्गात पाचव्या डेकभोवती चालण्याचा मार्ग आहे, जीवरक्षक नौकांच्या सावलीतून जाणारा, समुद्र अगदी जवळ. दुपारीसुद्धा तिथे मोजकी माणसं असतात. रात्री दहानंतर सेंट्रल पार्कमध्ये बाकावर बसा. पानांची सळसळ, कुठेतरी गिटार, वर आकाशाची पट्टी.

आणखी एक गोष्ट मी मनापासून सांगेन: दिवसातले दोनेक तास वेगवेगळे घालवा. एकाला पाण्याच्या घसरगुंड्या हव्यात, दुसऱ्याला पुस्तक. सात दिवस एका छोट्या खोलीत राहताना हे दोन तास दोघांच्याही उपयोगी पडतात. भेटण्याची जागा आणि वेळ तोंडी ठरवून ठेवा, फोनवर विसंबू नका.

बंदरं: उतरायचं कुठे, राहायचं कुठे

आधी घड्याळ. मेक्सिकोतल्या कोझुमेलला उन्हाळी वेळ नाही. त्यामुळे उन्हाळ्यात तिथलं घड्याळ मायामीच्या एक तास मागे असतं, हिवाळ्यात सारखंच. सेंट थॉमस उलट: हिवाळ्यात एक तास पुढे, उन्हाळ्यात सारखं. फोन आपोआप स्थानिक वेळ धरतो, जहाज मात्र आपल्या वेळेने सुटतं. हातातलं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा आणि सुटण्याच्या निदान दीड तास आधी धक्क्यावर परत या. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय कंपनी करते. स्वतःच्या टॅक्सीला उशीर झाला तर नाही. दूरच्या ठिकाणी कंपनीची सहल, जवळच्या ठिकाणी स्वतःची टॅक्सी, असं सूत्र ठेवा.

सेंट थॉमसवर बहुतेक गर्दी मेगन्स बेच्या किनाऱ्यावर जाते, आणि तो खरोखर सुंदर आहे. पण सकाळी लवकर उतरलात तर रेड हुकहून फेरीने शेजारच्या सेंट जॉनला जा. तिथला ट्रंक बे राष्ट्रीय उद्यानात आहे, पाण्याखाली पोहत पाहण्याची पायवाट आखलेली आहे. टॅक्सीचे दर मीटरवर नाहीत, ठिकाणानुसार ठरलेले आणि माणशी असतात. या बेटांवर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर २०२० पासून बंदी आहे, कारण ती प्रवाळाला घातक. झिंक ऑक्साइडची ट्यूब घरूनच घेऊन निघा.

सेंट मार्टिनला धक्क्यावरून छोट्या बोटीने फिलिप्सबर्गच्या किनाऱ्यावर पोचता येतं. माहो बीचवर विमानं डोक्यावरून इतकी खालून जातात की वाळू उडते. बघायला जा, पण उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या मागे कुंपणाला धरून उभे राहू नका, तिथे जेटच्या झोताने माणसं गंभीर जखमी झाली आहेत. शांत दुपार हवी असेल तर बेटाच्या फ्रेंच बाजूला जा.

ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून उतरावं लागतं. समुद्र उसळला तर हे बंदर रद्द होतं, तेव्हा मनाची तयारी ठेवा. स्टिंगरे सिटीच्या उथळ वाळूत गेलात तर पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत चाला, म्हणजे मासे आपणहून बाजूला सरकतात. कोझुमेलला पालांकारचं प्रवाळ पाहण्यासारखं. तिथून चिचेन इत्झाचे माया अवशेष पाहायला जाण्याचा मोह मात्र आवरा. फेरी, मग बस, मग ऊन, आणि परत तेच. त्यात दोघांचं बोलणंही होत नाही.

सान हुआनला बंदरातूनच जुन्या शहरात पायी जाता येतं. निळसर दगडांच्या रस्त्यांनी चढत एल मोरो किल्ल्यापर्यंत जा. तो जागतिक वारसा यादीत आहे, आणि पुढच्या मोकळ्या हिरवळीवर समुद्राचा वारा थांबत नाही.

कोकोके या रॉयल कॅरिबियनच्या बहामातल्या खासगी बेटावर खुर्च्या, जेवण, किनारे फुकट. पैसे पडतात ते वॉटर पार्क आणि क्लबचे. 'हाइडअवे बीच' प्रौढांसाठीच आहे, पण तिथे दिवसभर डीजे वाजतो, नावावर जाऊ नका. बेटाच्या दक्षिण टोकाकडे चालत गेलं की गर्दी विरळ होते.

आणि नासाऊ किंवा आधी पाहिलेलं एखादं बंदर आलं की उतरू नका. जहाज रिकामं होतं. सोलॅरियम तुमचं, घसरगुंड्यांना रांग नाही, स्पामध्ये बंदराच्या दिवसाची सवलत. सबंध आठवड्यातला हा सगळ्यात स्वस्त चैनीचा दिवस.

बोट लागणं आणि पोट बिघडणं

मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंना स्थिरक पंख असतात, त्यामुळे डोलणं कमी जाणवतं, पण वारा असेल तर जाणवतं. मेक्लिझिनची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घेतली तर उपयोग होतो. इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. मधल्या भागातल्या मोकळ्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत राहा. पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर हातावरचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि पाणीच चालतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे निरीक्षक जहाजांना स्वच्छतेचे शंभरपैकी गुण देतात, ८५ किंवा त्याखाली म्हणजे नापास. बुकिंगआधी आपल्या जहाजाचे गुण पाहता येतात.

शेवटची रात्र आणि उतरणं

बॅगा रात्री दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी सकाळचे कपडे, बूट, औषधं बाजूला काढा. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत उतरणार असाल तर त्या बाहेर ठेवायच्याच नाहीत आणि सगळ्यात आधी उतरता येतं. पण सामान हलकं असेल तरच. मला विचाराल तर उशिराचा गट घ्या, भोजनकक्षात शेवटचा नाश्ता बसून करा.

रात्रीच ॲपवर खातं उघडून एकेक नोंद तपासा. न घेतलेला प्याला, दोनदा लागलेली टिप, रद्द केलेली सहल. अशा चुका जहाजावर असताना पाच मिनिटांत सुटतात, घरी गेल्यावर महिनोन्महिने लागतात. रक्कम डेबिट कार्डावर राखून ठेवलेली असेल तर ती मोकळी व्हायला काही दिवस जातात, म्हणून खात्याला क्रेडिट कार्डच जोडा.

परतीचं विमान मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून दुपारी बारानंतरचं घ्या. पोर्ट कॅनाव्हरलला उतरणार असाल तर एकनंतरचं, कारण ऑरलँडोचा विमानतळ तिथून सत्तर किलोमीटरवर आहे. बुफेतलं सफरचंद किंवा केळं पिशवीत राहिलं असेल तर उतरण्याआधी खाऊन टाका किंवा टाकून द्या. फळं बाहेर नेऊ देत नाहीत आणि न सांगता नेली तर दंड होतो.